लघवी थांबण्याच्या आधी

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत ते शिक्षक होते. विषय अवघड असला तर तो अर्धवट सोपा करू नये, पूर्ण सांगावा आणि विद्यार्थ्यावर विश्वास ठेवावा, अशी त्यांची शिकवण असल्याचे संयोजकांनी मला सांगितले. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही काळ तुटला तर त्या अवयवाचे काय होते आणि हे नुकसान टाळता येते का, हा आजचा विषय तसा अवघडच आहे. पण त्याचा संबंध या सभागृहातल्या प्रत्येक घराशी येऊ शकतो. म्हणून तो मी पूर्ण मांडणार आहे.

छत्रपती संभाजीनगरचे आपले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला आपण घाटी म्हणतो. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाणा आणि जळगावपर्यंतची माणसे तिथे येतात. एप्रिल-मे महिन्यांत घाटीत काय किंवा शहरातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात काय, एक रुग्ण हमखास भेटतो. वय पन्नास-पंचावन्न, काम शेतीचे किंवा मजुरीचे. दोन दिवस जुलाब-उलट्या झालेल्या असतात. अंग दुखते म्हणून गावातल्या मेडिकलमधून पेनकिलर आणलेली असते. बीपीची गोळी नेमाने चालू असते, कारण ती कधी चुकवायची नाही असे डॉक्टरांनी बजावलेले असते. तिसऱ्या दिवशी घरच्यांच्या लक्षात येते की कालपासून लघवीच झालेली नाही. मग गाडी काढतात. सलाईन लागते. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, अंगातलं पाणीच कमी झालं होतं ना? आता सलाईन दिलं, मग लघवी का होईना?"

फार नेमका प्रश्न आहे हा. त्याचे उत्तर शोधण्यात जगभरच्या संशोधकांची ऐंशी वर्षे गेली आहेत.

हृदयातून मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त बाहेर पडते. त्यातले एक ते सव्वा लिटर रक्त दोन मूत्रपिंडांकडे जाते. त्या दोघांचे मिळून वजन जेमतेम तीनशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. इतक्या लहान अवयवाला इतके रक्त कशासाठी? ते गाळण्यासाठी. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतला जातो. गाळण्याचे काम रक्ताच्या दाबावर होते, पण परत ओढण्यासाठी ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी प्राणवायू. प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास नलिका आहेत. जन्माच्या वेळी त्या जितक्या असतात तितक्याच. पुढे आयुष्यात नवी नलिका तयार होत नाही.

एवढे रक्त येत असताना प्राणवायू कमी कसा पडेल? याचे उत्तर मूत्रपिंडाच्या रचनेत आहे. आलेले बहुतेक रक्त बाहेरच्या थरात, जिथे गाळण्या आहेत तिथे, जाते. आतल्या गाभ्याकडे त्यातला थोडाच भाग पोहोचतो. लघवी घट्ट करता यावी म्हणून गाभ्यातला रक्तप्रवाह मुद्दाम मंद ठेवलेला आहे. तो वेगवान असता तर तिथे साठवलेले मीठ वाहून गेले असते. बाहेरच्या थरात प्राणवायूचा दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, 50 च्या आसपास असतो, गाभ्यात तो 10 ते 20 पर्यंत उतरतो. आणि क्षार ओढून घेण्याचे जड काम करणाऱ्या नलिकांचे काही भाग नेमके या गाभ्यालगतच आहेत. आपण जायकवाडीच्या लाभक्षेत्रातली माणसे आहोत. पैठणला नाथसागर निम्मा भरलेला असला तरी कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याचे रान कोरडे राहू शकते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मूत्रपिंडाचा गाभा हा असा कायमचा टेलचा शेतकरी आहे. चांगल्या दिवसांतही त्याचे जेमतेम भागते. पाळी जरा चुकली की पहिले पीक त्याचे जळते.

आता रक्तपुरवठा तुटतो तेव्हाची गोष्ट. जुलाबाने, रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो. किंवा शस्त्रक्रियेत रोहिणीला चिमटा लावावा लागतो. किंवा प्रत्यारोपणासाठी मूत्रपिंड एका देहातून काढून दुसऱ्या देहात बसवायचे असते. कारण कोणतेही असो, पेशीच्या आत क्रम एकच घडतो. प्राणवायू संपतो, पाठोपाठ ऊर्जा संपते. सोडियम बाहेर फेकणारे पंप थांबतात. सोडियम आणि त्यामागून पाणी आत शिरते, पेशी फुगते. आम्ल साचते. कॅल्शियम आत घुसते आणि पेशीला आतून कुरतडणारी विकरे जागी होतात. नलिकेच्या आतल्या बाजूला पेशींचे झुपकेदार अस्तर असते, ते झडून पडते आणि पुढे जाऊन नलिकेतच अडकते. नातेवाइकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. अंगात पाणी परत आले, दाब परत आला, पण नळ्या आतून तुंबलेल्या आहेत. त्यात गळलेल्या भिंतींतून गाळलेला द्रव परत रक्तात झिरपतो. म्हणून लघवी होत नाही.

उरलेले अर्धे उत्तर विचित्र आहे आणि वैद्यकशास्त्रालाही ते उशिरा कळले. रक्त थांबल्याने जितकी हानी होते, तिच्यात रक्त परत आल्यावर आणखी भर पडते. उपाशी पेशीत हायपोझँथिन, सक्सिनेट असे अर्धवट जळलेले पदार्थ साचून राहिलेले असतात. प्राणवायू एकदम आला की त्यांच्यापासून अत्यंत मारक असे प्राणवायूचे अणुरेणू तयार होतात. ते पेशीच्या ऊर्जाकेंद्रांनाच छिद्रे पाडतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज वाढते, बारीक रक्तवाहिन्या आतून बंद होतात. याचा अर्थ रक्त परत आणू नये असा कोणी घेऊ नये. रक्त परत आणल्याशिवाय काहीच वाचत नाही, आणि जितक्या लवकर आणावे तितके बरे. पण 'आता दाब आला, आता धोका टळला' असे त्या क्षणी म्हणता येत नाही. पुढचे दोन-तीन दिवस कसोटीचे असतात.

हा धडा पहिल्यांदा ठळकपणे मिळाला तो युद्धात. 1940 च्या शरद ऋतूत लंडनवर जर्मन बाँबफेक चालू होती. घरांच्या ढिगाऱ्यांखालून माणसे कित्येक तासांनी बाहेर काढली जात. पाय दबलेला असे, पण माणूस शुद्धीवर असे, बोलत असे, चहा मागत असे. मग काही तासांत पाय सुजून टणक होई, रक्तदाब पडे. त्यातून माणूस सावरला तर लघवी काळपट होई, कमी होत होत थांबे आणि आठवड्याभरात तो जाई. हॅमरस्मिथ रुग्णालयातील एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा चार रुग्णांची हकिगत 1941 च्या मार्चमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. दबलेल्या स्नायूंतून सुटलेले द्रव्य आणि कोसळलेला रक्तपुरवठा या दोहोंनी मिळून मूत्रपिंडाचा बळी घेतलेला होता. तेव्हा डायलिसिस नव्हते. ते हॉलंडमधील कॅम्पेन गावात विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये, नाझी अंमलाखाली, हाताशी आलेल्या साहित्यातून उभे केले.

मराठवाड्यात बसून ही हकिगत ऐकताना 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट आठवल्यावाचून राहत नाही. किल्लारी आणि सास्तूर परिसरातली घरे दगड-मातीची, वर माळवदाचे टनावारी ओझे. जवळजवळ दहा हजार माणसे त्या पहाटे गेली. अशा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या माणसासाठी पुढचे तास निर्णायक असतात. 1988 च्या आर्मेनियातील भूकंपानंतर आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविकार संघटनेने आपत्तीसाठी स्वतंत्र पथक उभारले. 1999 मध्ये तुर्कस्तानातील मारमारा भूकंपात 639 जणांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांतल्या 477 जणांना डायलिसिस द्यावे लागले, अशी पक्की नोंद आहे. आता जगभर मान्य झालेली सूचना अशी आहे: माणूस ढिगाऱ्याखाली असतानाच, त्याचा एखादा हात मोकळा मिळाला की शिरेत सलाईन सुरू करा, तासाला एक लिटर या वेगाने. दगड उचलण्याच्या आधी. दगड उचलला की दबलेल्या स्नायूत रक्त परत शिरते आणि तिथले विष अंगभर पसरते. त्या वेळी मूत्रपिंडातून द्रव खळाळून वाहत असला पाहिजे. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या सरावात ही एक गोष्ट शिकवली जावी, असे मला मनापासून वाटते.

प्रत्यारोपणाचा भाग आता घेतो, कारण रक्त थांबण्याची वेळ आपल्या हातात असलेली ही एक मोठी जागा आहे. इतरत्र बहुधा घाव आधीच पडून गेलेला असतो. इथे तो केव्हा पडणार हे घड्याळ लावून ठरवता येते. त्यामुळे बचावाचे सर्वांत चांगले शास्त्र इथेच जन्माला आले.

23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. दाता आणि रुग्ण शेजारशेजारच्या खोल्यांत होते, म्हणून वेळ निभावली. पण दाता एका गावी आणि रुग्ण दुसऱ्या गावी असेल तर काय? साध्या तापमानाला रक्ताविना मूत्रपिंड अर्धा तास धरू शकते, फार तर थोडे पुढे. थंड केले की पेशीची भूक सामान्याच्या दहाव्या भागाच्या आसपास उतरते. पण नुसते बर्फ पुरत नाही. थंडीत तो सोडियमचा पंपही गारठतो आणि पेशी फुगायची ती फुगतेच. 1969 मध्ये कॅलिफोर्नियात जेफ्री कॉलिन्स यांनी यावर साधी युक्ती काढली. पेशीच्या आत जसे पाणी असते, पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, तसेच द्रावण बाहेरून भरायचे. आत-बाहेर फरकच उरला नाही तर शिरणार काय? त्या द्रावणात बर्फाच्या तापमानाला ठेवलेली कुत्र्यांची मूत्रपिंडे तीस तासांनंतरही चालू झाली. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी त्याहून सरस द्रावण बनवले. त्यात ॲलोप्युरिनॉल आहे. युरिक ॲसिड वाढलेल्यांना आपण देतो तीच ही गोळी. रक्त परत येताच मारक प्राणवायू तयार करणाऱ्या एका विकराला ती अडवते.

2009 मध्ये युरोपात एक सुंदर प्रयोग झाला. 336 मृत दात्यांची दोन-दोन मूत्रपिंडे घेतली. प्रत्येक दात्याचे एक मूत्रपिंड बर्फात ठेवले आणि दुसरे एका यंत्रावर, ज्यातून थंड द्रावण मंदपणे फिरत राहते. दाता एकच असल्यामुळे तुलना अगदी समान झाली. बर्फातल्या मूत्रपिंडांपैकी 26.5 टक्के बसवल्यावर लगेच चालली नाहीत, रुग्णाला काही दिवस डायलिसिसवर राहावे लागले. यंत्रावरच्यांत हे प्रमाण 20.8 टक्के होते.

माझ्या मनात मात्र त्यापेक्षाही 2015 चा अमेरिकेतला प्रयोग घर करून आहे. मेंदूमृत दात्याचे शरीर अवयव काढेपर्यंत नेहमीच्या तापमानाला ठेवण्याऐवजी दोनेक अंश थंड, 34 ते 35 सेल्सियसला, ठेवले. बाकी काही केले नाही. उशिरा चालू होणाऱ्या मूत्रपिंडांचे प्रमाण 39 वरून 28 टक्क्यांवर आले. ना महागडे औषध, ना यंत्र. प्रयोग लवकर थांबवण्यात आला, कारण फायदा स्पष्ट दिसू लागला होता. आपल्यासारख्या प्रदेशाने ज्याकडे पहिल्यांदा बघावे असे हे संशोधन आहे.

आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि आपले शहर अशी चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत. मराठवाड्यात मेंदूमृत दात्याच्या अवयवदानाची सुरुवात जानेवारी 2016 मध्ये झाली. त्या वेळी चिकलठाणा विमानतळापर्यंतचा रस्ता पोलिसांनी मोकळा केला आणि हृदय विमानाने मुंबईला गेले. हृदयाला चार-पाच तासच मिळतात, म्हणून विमान. मूत्रपिंडाला चोवीस तास आणि त्याहून थोडा अधिक वेळ मिळतो, म्हणून त्याच्यासाठी रस्ते मोकळे करण्याची घाई दिसत नाही. पण ही सवलत फसवी आहे. बर्फातला प्रत्येक तास मूत्रपिंडाच्या पुढच्या आयुष्यातून काही ना काही वजा करतो. वेळ वाया जातो तो प्रवासात कमी आणि त्याआधी जास्त: घरच्यांशी कोण बोलणार, मेंदूमृत्यूच्या सहा तासांच्या अंतराने होणाऱ्या दोन तपासण्या वेळेवर झाल्या का, तोवर दात्याचा रक्तदाब कोणी सांभाळला. आणि त्या सगळ्याच्या आधी, हा विषय घरात कधी बोलला गेला होता का.

आता औषधांकडे वळू. तुम्ही विचाराल, इतकी यंत्रणा समजली आहे, तर मूत्रपिंड वाचवणारे इंजेक्शन का नाही?

प्रयत्न खूप झाले. डोपामिन कमी मात्रेत दिले की मूत्रपिंडातल्या वाहिन्या रुंदावतात, म्हणून जगभरच्या अतिदक्षता विभागांत ते वर्षानुवर्षे दिले गेले. 2000 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 328 रुग्णांवर नीट चाचणी झाली आणि त्याचा उपयोग शून्य निघाला. लघवी वाढवणारी इंजेक्शने लघवी वाढवतात, मूत्रपिंड वाचवत नाहीत. अँजिओग्राफीच्या रंगद्रव्यापासून बचाव म्हणून दिले जाणारे ॲसिटिलसिस्टीन 2018 मध्ये सुमारे पाच हजार रुग्णांच्या चाचणीत निष्फळ ठरले.

एक आशा फार मोहक होती. 1986 मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात कुत्र्याच्या हृदयाची रोहिणी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद करून सोडली आणि मग चाळीस मिनिटे बंद ठेवली. आधी असा छोटा सराव दिलेल्या हृदयातली हानी एक चतुर्थांशावर आली. पुढे लक्षात आले की असा सराव हाताला दिला तरी दूरचा अवयव वाचू शकतो. म्हणजे रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर पाच मिनिटे घट्ट फुगवा, सोडा, पुन्हा फुगवा, आणि मग हृदयाची शस्त्रक्रिया करा. 2015 मध्ये जर्मनीतील चार रुग्णालयांत 240 रुग्णांवर हे करून पाहिले. मूत्रपिंडाची इजा 52.5 वरून 37.5 टक्क्यांवर आली. त्याच वर्षी दोन मोठ्या चाचण्यांत, प्रत्येकी हजारांहून अधिक रुग्णांत, काहीच फायदा दिसला नाही. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. 2024 मध्ये मात्र खरी आनंदाची बातमी आली. हृदयशस्त्रक्रियेच्या 3,511 रुग्णांपैकी ज्यांना शिरेतून अमिनो आम्ले दिली, त्यांच्यात मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण 31.7 ऐवजी 26.9 टक्के राहिले. अमिनो आम्लांनी मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह वाढतो, एवढे साधे तत्त्व.

आणि 2017 ची एक चाचणी मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. हृदयशस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या मूत्रपिंडावर ताण असल्याची खूण लघवीत दिसली, अशा 276 रुग्णांपैकी अर्ध्यांची फक्त नीट काळजी घेतली. रक्तदाब आणि शरीरातले पाणी काटेकोर सांभाळले, साखर वाढू दिली नाही, मूत्रपिंडाला त्रासदायक औषधे बंद ठेवली. इजेचे प्रमाण 71.7 वरून 55.1 टक्क्यांवर आले. नवे औषध एकही नव्हते.

श्रोतेहो, इतक्या वर्षांच्या संशोधनाचा माझ्या मते लागलेला निकाल हा आहे. घाव बसून गेल्यावर मूत्रपिंड वाचवणारी गोळी अजून तरी नाही. बचाव आहे तो घावाच्या आधीच्या तासांत, आणि ते तास बहुधा रुग्णालयाबाहेर जातात. घरात, शेतात, उसाच्या फडात, बाळंतिणीच्या खोलीत. डॉक्टरची गाठ पडते तोवर ते संपलेले असतात.

म्हणून त्या मेडिकलमधल्या पेनकिलरकडे परत जाऊ. अंगातले पाणी कमी होते तेव्हा मूत्रपिंड स्वतःला वाचवायला दोन गोष्टी करते. गाळणीत येणारी वाहिनी रुंद करते आणि गाळणीतून जाणारी आवळते, म्हणजे दाब टिकतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर पहिली गोष्ट बंद पाडतात. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या दुसरी. त्यात लघवीची गोळी असेल तर पाणी आणखी घटते. एरवी यांतले प्रत्येक औषध उपयोगाचे आहे. बीपीच्या या गोळ्या तर मधुमेहींच्या मूत्रपिंडाचे रक्षण करतात. पण जुलाब-उलट्यांच्या दिवशी हे तिन्ही एकत्र आले की टेलला जाणारे पाणी पूर्ण बंद. डायक्लोफेनॅकची ताकद पाहायची असेल तर आपल्या आभाळाकडे बघा. गिधाडे गेली. जनावरांना टोचलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही. पण उन्हाने सुकलेल्या माणसाचे मूत्रपिंड धडधाकट माणसासारखेही नसते.

बाळंतपणातला रक्तस्राव हा दुसरा मोठा घाव. अतिरक्तस्रावात कधी कधी मूत्रपिंडाचा सबंध बाहेरचा थर मरतो, आणि तो पुन्हा उगवत नाही. पंचविशीतली बाई आयुष्यभर डायलिसिसवर जाते. 2023 मध्ये नायजेरिया, केनिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा केलेले प्लास्टिकचे कापड अंथरून रक्त मोजायला सुरुवात केली आणि ठराविक उपचारांचा संच लगेच एकत्र दिला. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम साठ टक्क्यांनी घटले. आधी रक्त नुसत्या नजरेने मोजले जात होते आणि नजर नेहमी कमीच मोजते.

उन्हात राबणाऱ्या माणसांबद्दल मी थोडे अधिक बोलणार आहे. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, जालना आणि आपल्या जिल्ह्यातून हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत अंग मोडले तरी थांबता येत नाही. पहाटे अंधारात तोड सुरू होते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. मार्चनंतर ऊन पेटते. बाया पाणी कमी पितात, कारण फडावर लघवीला आडोसा नसतो. संध्याकाळी अंगदुखीची गोळी, सकाळी परत कोयता.

श्रम आणि उष्णता एकत्र आले की रक्त कातडीकडे आणि स्नायूंकडे धावते, मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येते. एका दिवसात काही बिघडत नाही. पण हंगामभर रोज? मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये, ऊसतोड मजुरांची तरुण मूत्रपिंडे मोठ्या संख्येने निकामी झाली. त्यांना मधुमेह नव्हता, उच्च रक्तदाबही नव्हता. कारण एकच आहे असे सगळे अभ्यासक मानत नाहीत. काहींना कीटकनाशकांचाही संशय आहे. पण वारंवार होणारी उष्णतेची इजा हा आज सर्वांत भक्कम धागा आहे. तिथल्या काही कारखान्यांनी फडावर पाणी, सावलीचे तंबू आणि ठराविक वेळाने सक्तीची विश्रांती सुरू केली. उष्ण कामावरच्यांना विश्रांती वाढवून दिली तेव्हा हंगामात होणाऱ्या मूत्रपिंडाच्या इजा स्पष्टपणे कमी झाल्या. आपल्या देशातही आंध्रातल्या उद्दानम भागात शेतकरी-मजुरांच्या मूत्रपिंडांचा असाच न उलगडलेला विकार आहे. उद्या तो बीडच्या नावाने ओळखला जाऊ नये.

हे काम मोठ्या प्रयोगशाळांचेच आहे असे कोणी समजू नये. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाने मरणारी मुले त्यांनी रात्र-रात्र जागून पाहिली. आवळल्या गेलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्रॅझोसिनची स्वस्त गोळी लवकर दिली तर मुले वाचतात, हे त्यांनी दाखवले आणि ते काम जगाने मानले. तो आजार हृदयाचा होता. पण गावातल्या नोंदी, लवकर उपचार आणि साधे औषध ही वाट मूत्रपिंडालाही लागू आहे.

म्हणून काही ठोस गोष्टी सांगतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की ओआरएस लगेच सुरू करा; पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या जुन्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना लगेच फोन करावा. बीपीची किंवा लघवीची गोळी चालू असलेल्या प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे: जुलाब-उलट्यांच्या दिवसांत यातली कोणती गोळी थांबवू आणि परत केव्हा सुरू करू? हे मनाने ठरवू नये आणि आजारी पडल्यावर विचारण्यापर्यंत थांबूही नये. त्या दिवसांत डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर पूर्ण बंद. सहा तासांत लघवी नाही किंवा अगदी थोडी, गडद, तर सकाळची वाट बघू नका. आणि एकदा रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावल्याची खूण, वाढून उतरले असेल, तर बरे वाटले म्हणून प्रकरण मिटले असे धरू नका. नलिका पुन्हा अस्तर धरतात, हे खरे. मूत्रपिंडाची ती फार मोठी देणगी आहे. पण कित्येक रुग्णांत आत व्रण राहतो आणि काही वर्षांनी जुनाट आजार उभा राहतो. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तपासून घ्या.

गावोगावच्या आशाताई आणि मेडिकल दुकानदार यांच्यापर्यंत या गोष्टी पोहोचवण्यासाठी या व्याख्यानमालेने पुढाकार घ्यावा, अशी माझी संयोजकांना विनंती आहे. मी आणि माझे सहकारी त्यासाठी हव्या त्या गावी येऊ.

या सभागृहात साखर कारखान्यांचे संचालक आहेत, मजूर संघटनांचे कार्यकर्ते आहेत, वाहतूक ठेकेदारही आहेत. येत्या हंगामाचे करार होतील तेव्हा चार गोष्टी त्यांत लिहून घ्या: फडावर पिण्याचे पाणी, सावली, दुपारची विश्रांती आणि बायांसाठी आडोशाचे स्वच्छतागृह. हंगाम सुरू होताना आणि संपताना प्रत्येक कोयत्यातल्या दोघांचेही क्रिएटिनिन तपासा. ही तपासणी महाग नाही आणि तिची नोंद पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. हे कारखान्याच्या आवाक्यातले काम आहे आणि ते याच हंगामापासून सुरू व्हावे, अशी माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.